विळ्याचे डाग

त्या उन्हाळ्यात आत्मगिरी महाराज वडाळखेड्याच्या नदीकाठी, महादेवाच्या देवळात उतरले होते. म्हाळसाबाईंची सून सगुणा त्यांना रोज तांब्याभर ताक नेऊन देई. सासूला ते खपत नसे. तान्ह्या मुलाचं पोट फुगलं की विळा तापवून पोटावर डाग द्यायचा, यात म्हाळसाबाईंचा हात पंचक्रोशीत नावाजलेला.

"तुझा बुवा स्वतःच्या पोटासाठी दारोदार हिंडतो," त्या म्हणत, "तो दुसऱ्याच्या पोटाचं काय बघणार गं?"

सगुणा तांब्या उचलून देवळाची वाट धरी. तिच्या पहिल्या मुलीलाही असाच डाग दिला होता. तो चिघळला आणि मुलगी गेली. "तिचं आयुष्यच तेवढं," असं म्हणून म्हाळसाबाई हातपाय धुवून जेवायला बसल्या होत्या.

एके दुपारी सगुणाच्या तान्ह्या मुलाला पोटशूळ उठला. पोट ताठ, पाय पोटाशी ओढलेले, रडून रडून ओठ निळे पडलेले. म्हाळसाबाईंनी विळा चुलीत सरकवला.

"आत्याबाई, याला नको. मी ओव्याचा शेक देते."

"मला शिकवतेस? धर त्याचे पाय."

सगुणाने धरले नाहीत. रडणं ऐकून आलेल्या शेजारणीने धरले. सगुणाने डोळे मिटून महाराजांचा धावा केला. विळा टेकला, चर्र झालं, कातडं जळल्याचा वासही आला. पण पोटावर डाग नाही! म्हाळसाबाईंनी चिडून पुन्हा टेकवला. तोच बाळाचा वारा सरला, पोट मऊ पडलं आणि ते त्यांच्याच मांडीवर झोपी गेलं.

सगुणा त्याला उचलून देवळाकडे धावली. मागोमाग सासू. महाराज पोटाशी ओलं फडकं धरून बसले होते. फडक्याखाली विळ्याच्या आकाराचे दोन डाग टरारून फुगले होते.

"बाई, एकदा पुरलं असतं," महाराज म्हणाले.

सगुणा पुढे झाली.

"महाराज, माझ्या मुलीच्या वेळी कुठं होता?"

महाराजांनी मान खाली घातली. "तिचा डाग मला घेता आला नाही, माय. तो या दोन्हींहून जास्त जळतो."

म्हाळसाबाई त्यांच्या पायांशी वाकल्या. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथं नाही. हिच्यापुढं."

म्हाळसाबाईंनी सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं आणि त्या रडू लागल्या. वडील माणूस वाकलं तर धाकट्याने लगबगीने त्याला उठवायचं, ही रीत. सगुणा हलली नाही. मुलाला छातीशी धरून ती बाहेरच्या उन्हाकडे बघत उभी राहिली, आणि महाराजांनीही तिला काही सांगितलं नाही.