मोकळी जागा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका डोंगरी राज्यातली लांबलेली लढाई एकदाची संपली. राजा जिंकला, गावोगाव साखर वाटली गेली आणि फौज मोडली. ज्यांना घरदार होतं ते शिपाई घरी गेले. ज्यांची गावंच लढाईत जळून गेली होती ते कुठे गेले, हे कुणी विचारलं नाही. जिंकलेल्या राजाला असलं काही विचारायचं तरी कुणी?

काही वर्षांनी राजा शिकारीला निघाला असताना त्याला झाडाखाली एक म्हातारा दिसला. तो बोरं वेचून खात होता. अंगात फौजेचा अंगरखा होता, आणि अंगरख्यापेक्षा भोकंच जास्त होती. राजा शिकार न करताच परतला. त्याला फार लाज वाटली होती.

त्याने प्रधानाला बोलावलं आणि म्हणाला, "प्रधानजी, थंडी पडायच्या आत माझा एकही शिपाई उघड्यावर राहता कामा नये."

गोष्टीतले प्रधान एक तर लबाड असतात, नाही तर झोपाळू. हा दोन्ही नव्हता. त्याने घरं बांधली, आणि कागदावर नाही, खरोखरच बांधली. लंगड्यांना ठेच लागू नये म्हणून उंबरे बुटके केले. प्रत्येक घरात चूल घातली, घोंगडी ठेवली. आळीच्या टोकाला वैद्याची खोली काढली. शेवटचं कौल बसलं तेव्हा तो एकटाच त्या आळीतून फिरला आणि मनात म्हणाला, आता फक्त माणसं यायची राहिली.

मग त्याने दवंडीचे शब्द स्वतः लिहिले. माणूस शिकलेला, भाषेचा शौकीन. दवंडी अशी होती: "ऐका हो ऐका! जे सैनिक निराधार, लाचार आणि निराश्रित झाले असतील, त्यांनी दरबाराच्या दारी येऊन हात जोडावेत आणि दयाळू महाराजांकडून घर घेऊन जावं हो!"

दवंडी चौकाचौकांत फिरली. दारात दोन-चार ऐतखाऊ आले. तलवार कुठल्या हातात धरतात हेही त्यांना सांगता येईना, म्हणून त्यांना परत पाठवलं. खरा शिपाई एकही आला नाही.

प्रधानाने वाट पाहिली. थंडी पडली. शेवटी त्याने दरबारात जे दिसत होतं तेच सांगितलं. "महाराज, राज्यात निराधार असा एकही सैनिक नाही."

राजाच्या छातीवरचा दगड उतरला. त्याने हुकूम दिला, "मग त्या घरांत धान्य भरा. आणि किल्ल्याचा खंदक कितीतरी वर्षं कोरडा पडलाय, त्यात तलावाचं पाणी सोडा. आता शांतता आहे, खंदकात नावा फिरू देत. पहिल्या नावेत तुम्ही माझ्या शेजारी बसायचं."

जलोत्सवाच्या दिवशी सकाळी तटावर माणसांची झुंबड उडाली. नावेत चढायच्या पायऱ्या नीट आहेत ना, हे पाहायला प्रधान खंदकात उतरला. हे काम दुसऱ्या कुणालाही सांगता आलं असतं, पण त्याला प्रत्येक गोष्ट आपल्या डोळ्यांनी पाहायची खोड होती. ती खोड त्या दिवशी कामी आली.

खंदकाच्या वळणापलीकडे झुडपं माजली होती. झुडपांतून धूर येत होता.

प्रधान पुढे गेला आणि जागच्या जागी उभा राहिला. तटाच्या पायथ्याशी, दगडांच्या कपारींत माणसं राहत होती. म्हातारी, लुळी-पांगळी, एका डोळ्याची. पण केवढी शिस्त! चुली एका रांगेत, अंथरुणं एका रांगेत. एक पाय गुडघ्याखाली नसलेला सुभेदार कुबडीवर ताठ उभा होता.

"तुम्ही इथे?" प्रधान म्हणाला. "अहो, तुमच्यासाठी घरं बांधलीत! दवंडी ऐकली नाहीत?"

"ऐकली की. निराधारांसाठी व्हती ती," सुभेदार म्हणाला. "प्रधानजी, ह्या तटाला आमी खांदा दिलाय. राज्याचा आधार व्हतो आमी. हितं निराधार कुनी न्हाई."

प्रधानाचाच शब्द, त्यानेच घासूनपुसून लिहिलेला, त्याच्याच तोंडावर येऊन आदळला होता. पण ओशाळायलाही वेळ नव्हता, कारण तेवढ्यात लांब तलावाकडून शिंग वाजलं. तलावाचा दरवाजा उघडला होता. तो दरवाजा एकदा उघडला की पाण्याच्या रेट्यापुढे कुणाला लावता येत नसे. कालव्यातून पाणी खंदकाकडे निघालं होतं.

"पाणी येतंय!" प्रधान ओरडला. "वर चला, सगळे वर चला!" त्याने एका म्हाताऱ्याचा हात धरून ओढला. म्हाताऱ्याने तो सोडवून घेतला. बाकीचे सुभेदाराकडे पाहत होते आणि सुभेदार हलत नव्हता.

"पाण्याचं भ्या दाखवून आमाला हाकलायचंय व्हय? अशी लई भ्या बघितली. हात धरून न्यायला आमी काय पोरं न्हाई."

"सुभेदार, पाया पडतो तुमच्या!"

"पाया नका पडू. हुकूम आना. नगारा वाजला तर ह्यातला मेलेलाबी उठंल."

प्रधान पायऱ्या चढत सुटला. पागोटं पडलं, ते त्याने उचललं नाही. नगारखान्याच्या दारात पहारेकऱ्याने भाला आडवा घातला. "प्रधानजी, हा लढाईचा नगारा. महाराजांच्या हुकमाशिवाय टिपरी लावणाऱ्याचा हात तोडतात. कायदा तुमचाच हाय."

"ठाऊक आहे," प्रधान म्हणाला आणि भाल्याखालून वाकून आत शिरला.

धडाड् धुम्! धडाड् धुम्! कितीतरी वर्षं मुका असलेला नगारा बोलला आणि तटावरची माणसं घाबरून सैरावैरा धावू लागली. बायकांनी पोरं पोटाशी धरली. राजा तलवार उपसून उभा राहिला. शत्रू कुठून आला, कुणालाच कळेना.

आणि खंदकातून फौज वर आली.

लंगडे आंधळ्यांचा हात धरून येत होते. थरथरणारे हात काठ्या भाल्यासारख्या धरत होते. एकाने दुसऱ्याला पाठीवर घेतलं होतं. शेवटचा माणूस पायरीवर असतानाच खाली पाणी घोंगावत आलं आणि चुली, अंथरुणं, झुडपं सगळं उचलून घेऊन गेलं. राजासमोर रांग धरून ते उभे राहिले. सुभेदाराने मुजरा केला.

"फौज हजर हाय, म्हाराज. हुकूम?"

राजाने तलवार म्यान केली. नगारखान्यातून उतरलेला प्रधान पुढे आला आणि त्याने उजवा हात पुढे केला. "नगारा मी वाजवला, महाराज. हात हजर आहे. पण आधी ह्यांना हुकूम द्या. हे दयेसाठी आलेले नाहीत."

राजाने रांगेकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत. मग तो मोठ्या आवाजात म्हणाला, "मोहीम फत्ते झाली आहे. छावणी तयार आहे. फौजेने छावणीत जावं!"

लोकांनी जयजयकार केला. इथेच गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

पण प्रधान रांगेकडेच पाहत होता. रांगेच्या मधोमध एका माणसाएवढी जागा मोकळी होती. दोन्ही बाजूंचे म्हातारे सवयीने ती सोडून उभे होते.

"इथे कोण असतं?" त्याने विचारलं.

सुभेदाराने मान वळवून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "सटवाजी," तो म्हणाला. "सटवाजी गोलंदाज."

ह्या गोष्टीत मी कुणाचंच नाव सांगितलं नाही. हे एवढं लक्षात ठेवा. तोफा डागून डागून सटवाजीच्या कानांचे पडदे फाटले होते. सकाळचं ऊन आधी येतं म्हणून तो पलीकडच्या कपारीत एकटा निजायचा. नगारा त्याला ऐकू आला नाही. त्याला दुसऱ्या कुणी उठवलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

खंदक काठोकाठ भरला होता. सजवलेल्या नावा हलत होत्या. त्यांत कुणी बसलं नाही.

सुभेदार दगडावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "त्यानं दवंडीबी ऐकली नव्हती, प्रधानजी. त्याला ना मान कळायचा, ना अपमान. त्याला निसती थंडी वाजायची. घर हाय, असं कुनी खुनेनं सांगितलं असतं तर पहिला त्योच गेला असता. आमी सांगितलं न्हाई. आमालाबी आमचा ताठा आडवा आला."

प्रधान त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. त्याच्यापाशी सुबक असा एकही शब्द उरला नव्हता.

राजाने त्याचा हात तोडला नाही. घरांतून धान्य निघालं, चुली पेटल्या, वैद्याच्या खोलीपुढे गर्दी होऊ लागली. पण त्यानंतर प्रधानाने त्या कामासाठी पुन्हा दवंडी पिटवली नाही. दर वर्षी थंडीच्या तोंडाला तो स्वतः पायी निघे. धर्मशाळांच्या ओसऱ्या, पुलांच्या कमानी, पडक्या चौक्या पाहत फिरे. जुना अंगरखा दिसला की शेजारी जाऊन बसे. ऐकू येणाऱ्याला सांगे आणि न येणाऱ्याचा हात हातात घेऊन खुणेने दाखवी. सांगणं एवढंच असे, "छावणी पडली आहे. रांगेत तुमची जागा मोकळी आहे. चला."

आणि माणसं उठून त्याच्याबरोबर चालू लागत.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्यांनी आपल्याला राखलं त्यांना लांबून दयेची हाक मारू नये, त्यांच्यापाशी चालत जावं आणि मानानं घरी आणावं.