सयाजीरावांच्या वाटचं सॉरी

निवृत्त पोलीस अधीक्षक सयाजीराव इंगवले लेकीकडे कॅनडात गेले आणि आठवड्याभरात त्यांनी अख्ख्या देशाचा पंचनामा उरकला. "कणाच नाही या लोकांना! उठसूट सॉरी!"

एके दुपारी शेजारच्या एडनाबाई चहाला आल्या. लेकीच्या दारातला गुडघाभर बर्फ त्या दिवशी सकाळी त्यांनीच, कुणी न सांगता, उपसला होता. लेक डोळ्यांनी दटावत होती, तरी सयाजीराव गरजलेच, "बाई, काल बसमध्ये माझा बूट तुमच्या पायावर पडला. चूक माझी आणि सॉरी तुम्ही म्हणालात! एवढी कसली भीती?"

एडनाबाईंनी शांतपणे कप खाली ठेवला. "भीती नाही हो. पायावर पाय पडला की कुणीतरी सॉरी म्हणायलाच हवं. मी जरा वाट पाहिली, पण तुम्हाला ते उचलवेना. शेजाऱ्याला जे उचलवत नाही, ते आम्ही उचलतो. आज बर्फ उचलला, काल तुमचं सॉरी."

भल्याभल्या दरोडेखोरांकडून गुन्हे कबूल करून घेतलेले सयाजीराव मिशी चाचपत राहिले. मग कसंबसं पुटपुटले, "सॉरी."

एडनाबाई चटकन म्हणाल्या, "सॉरी हं, तुम्हाला उगीच त्रास दिला!"