उंबऱ्यावरची शेगडी

"पण धूर कशासाठी, मावशी?"

हौसामावशी शेणी मोडत राहिली.

"मी तुम्हाला विचारतेय."

"ऐकतीया की," मावशी म्हणाली आणि दुसरी शेणी हातात घेतली.

शर्वरीचा पारा चढला. विद्यापीठात मानसशास्त्रात पहिली आलेली मुलगी, तालुक्याच्या दवाखान्यात बायकांसाठी समुपदेशक म्हणून नेमलेली. आणि आज ती कुणाच्या तरी परड्यात उकिडवी बसून एका न्हाऊ घालणाऱ्या बाईची मनधरणी करत होती. बाई सत्तरीची, अंगठाबहाद्दर. पण पंचक्रोशीतल्या तीन पिढ्यांच्या बाळंतिणींना तिने तेल लावलं होतं, शेक दिला होता. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या नर्सबाईच शर्वरीला म्हणाल्या होत्या, "तुझ्याशी बोलत नाहीत ना बायका? मग हौसामावशीकडे जाऊन शीक."

शीक म्हणे! शर्वरी आली होती ती शिकवायला. "शिकायला आले" हे आपलं तोंडदेखलं.

"धुराने बाळाची छाती भरते. आईलाही त्रास होतो. डॉक्टर घसा फोडून सांगतात."

"खरं हाय त्यांचं."

"मग?"

मावशीने शेगडीत शेणी रचल्या. निखारे घातले. वर मूठभर ओवा टाकला, बाळंतशेपा टाकल्या, लसणाची सालं टाकली.

"मग काय... करायचा धूर."

पालथ्या घड्यावर पाणी, शर्वरी मनात म्हणाली.

खरं तर तिचं दुखणं धुराचं नव्हतंच. तिचं दुखणं आतल्या खोलीत बाजेवर होतं. स्वप्नाली, वय बावीस. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगा झाला होता, गावभर पेढे वाटून झाले होते, आणि स्वप्नाली अकरा दिवस गप्प होती. बाळ मांडीवर दिलं की पाजायची. काढून घेतलं की तिचे हात होते तसेच राहायचे.

शर्वरी चार वेळा येऊन गेली होती, दहा प्रश्नांचा छापील कागद घेऊन. चारही वेळा बाजेच्या उशाशी स्वप्नालीची आई, शालनकाकू, ठाण मांडून बसलेली. आजूबाजूला आत्या, चुलती, बाळ बघायला आलेल्या शेजारणी.

"झोप लागते का, स्वप्नाली?"

"लागती की. बाळ निजलं की निजती," शालनकाकू सांगायच्या.

"रडू येतं का?"

"आता रडंल कशापायी? पोरगा झालाय!" हे आत्याबाई.

"जगणं नकोसं वाटतं का?"

यावर सगळ्या बायका वळून शर्वरीकडेच बघायच्या. हिचं डोकं ठिकाणावर आहे ना?

दहा प्रश्नांना दहा उत्तरं मिळायची. त्यातलं एकही स्वप्नालीचं नसायचं. कागदावर मात्र ती ठणठणीत होती.

शर्वरीला भीती वाटत होती. त्या मुलीच्या डोळ्यांत तिला काहीतरी दिसलं होतं. ते जाऊन सांगावं असं माणूस तिला अख्ख्या तालुक्यात नव्हतं. भाड्याच्या खोलीत ती एकटी राहायची, एकटी जेवायची. आई फोनवर विचारायची, बरी आहेस ना? ही म्हणायची, बरी आहे. मग फोन बंद, आणि खोली पुन्हा गप्प.

"मावशी... ती माझ्याशी का बोलत नाही?"

हौसामावशीने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"चल. ती फाईल ठेव हितंच."

शर्वरीने फाईल ठेवली नाही. काखेत मारली आणि मागोमाग गेली.

आत सात-आठ बायका होत्या. बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत होतं. नाक कुणासारखं यावर वाद चालला होता. बाजेवर स्वप्नाली छताकडे बघत पडली होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

शेगडी ठेवायची ती बाजेखाली. सगळा गाव तसंच करतो. मावशीने ती उंबऱ्यावर ठेवली आणि सूप घेऊन वारा घालू लागली. धुराचा लोट उठला.

"अगं मावशे, बाजंखाली सरकीव की!" आत्याबाई खोकत ओरडल्या.

"निखारं फुलू देत आधी. लई धूर हाय अजून. बाळाला घिऊन भाईर जावा, छातीत बसंल त्याच्या."

बाळाचं नाव काढल्यावर कोण थांबतंय? पदर नाकाला लावत सगळ्या बाहेर पडल्या. आत्याबाईंनी बाळ छातीशी धरलं आणि थेट अंगणातला कडुलिंब गाठला.

शालनकाकू तेवढ्या उठेनात.

"मी बसती हितंच."

"तू बी ऊठ, शालन."

"माझं काय अडतंय?"

मावशी नुसती बघत राहिली...

शेवटी शालनकाकू उठल्या. दारातून दोनदा मागे वळून पाहिलं आणि गेल्या.

मावशीने शेगडी पायाने बाहेर लोटली, आणि दार आतून ओढून घेतलं.

शर्वरी बघतच राहिली. परसाकडची खिडकी सताड उघडी होती. खोलीत धूर नव्हताच. सगळा धूर बाहेरच्या सोप्यात होता, आणि त्यामुळे त्या सोप्यात कुणी थांबणार नव्हतं.

"पालथी हो, बाय."

स्वप्नाली पालथी झाली. मावशीने कोमट तेलाची वाटी घेतली आणि तिच्या पाठीवर हात फिरवू लागली. कशी आहेस विचारलं नाही. बाळाचं नावही काढलं नाही. बराच वेळ नुसता तेलाच्या हाताचा आवाज येत होता.

मग उशीतून एक हुंदका आला.

शर्वरीने लगबगीने फाईल उघडली. पेनाचं टोपण काढलं. प्रश्न पहिला...

मावशीने तेलाची वाटी उचलली आणि शर्वरीच्या हातांवर उपडी केली.

"अहो मावशी!"

कागद तेलात भिजला. पेन निसटून बाजेखाली घरंगळत गेलं. मावशीने तिचे दोन्ही हात मनगटाला धरले, स्वप्नालीच्या पाठीवर ठेवले आणि स्वतः भिंतीला टेकून बसली.

शर्वरीला मालीश येत नव्हतं. तिने हात नुसते ठेवून दिले. हाताखालची पाठ थरथरत होती. काहीतरी विचारावं असं तिला आधी फार वाटलं. मग तेही वाटेनासं झालं.

"मला त्यो माझा वाटत न्हाई..." उशीत तोंड खुपसून स्वप्नाली म्हणाली.

तिने उशीचं टोक मुठीत धरलं.

"समदी म्हंत्यात, तुझ्यावानी नाक हाय. मला वाटतंय, कुनीतरी आपलं बाळ माझ्यापाशी ठिवून गेलंय... आन् परत न्यायाला येईना झालंय."

शर्वरीचे हात जागचे हलले नाहीत.

"पाचवीच्या दुसऱ्या दिशी मी हिरीवर गेलते, ताई."

"हं..."

"पानी आनाया न्हाई."

हेच तर शर्वरी चार वेळा कागदावरून विचारत होती. आता उत्तर तिच्या हाताखाली होतं, आणि तिला स्वतःलाच रडू येत होतं. रडावं की न रडावं हे कुठल्या पुस्तकात वाचल्याचं तिला आठवेना. तिने डोळे वाहू दिले.

"अजून तसं वाटतं, स्वप्नाली?"

"कवाकवा."

"तू वाईट आई नाहीस गं. हे दुखणं आहे. बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतं. त्याला औषध आहे, डॉक्टर आहेत. माझ्याबरोबर चलशील? आजच?"

स्वप्नालीने उशीतून तोंड वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तू संगं असशील?"

"असेन."

उशीवरची मान हलली.

मावशीने दार उघडलं. दाराबाहेर धुरात शालनकाकू उभ्या होत्या. त्या अंगणात गेल्याच नव्हत्या. चौकट घट्ट धरली होती आणि डोळे लाल झाले होते.

"हिरीचं बोलली?" त्यांनी हळूच विचारलं.

शर्वरी चरकली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मीच आनली की तिला माघारी. शेवटच्या पायरीवरनं." काकूंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. "तवापासनं बाजंपासनं हाललं न्हाई मी. डोळ्याला डोळा न्हाई बघा."

"मग मला का नाही सांगितलंत, काकू? मी चार वेळा विचारलं."

"समद्यांम्होरं?... येडी हाय म्हनून नाव झालं, तर सासरची नांदवतील का तिला?"

शर्वरीला भयंकर लाज वाटली. या बाईला ती चार दिवस मनातल्या मनात नावं ठेवत होती. मेली लेकीला तोंड उघडू देत नाही, म्हणून. आणि ती बिचारी एकटी, मूग गिळून, रात्रंदिवस पहारा देत होती.

शर्वरीने तेलाच्या हातांनीच काकूंचे हात धरले.

हौसामावशीने अंगणाकडे तोंड करून आवाज चढवला, "हिची पाठीची शीर धरलीया गं! तालुक्याच्या डाक्टरणीला दावाया पायजे. ही ताई नेती, आन् शालन जातीया संगं. बाकी गर्दी नगं!"

"पाठीची शीर?" शर्वरी पुटपुटली.

"मग काय, तुझा कागद वाचून दावू?"

मावशीने शालनकाकूंना खांद्याला धरून खोलीत लोटलं. "जा, लेकीपाशी बस जरा. गाडी येईस्तोवर हिकडं कुनी येत न्हाई." मग शेगडीत आणखी मूठभर ओवा टाकला आणि दार ओढून घेतलं.

आत दोघी मायलेकी रडू लागल्या.

शर्वरीने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं, गाडी मागवली. मग सोप्यात, शेगडीच्या अलीकडे, मावशीशेजारी भुईवर बसली. ओढणीने डोळे पुसले, तरी पुन्हा भरले. अंगणात बाळाच्या नाकाचा वाद अजून चालूच होता.

किती बायका... शर्वरीच्या मनात आलं. तीन पिढ्या. किती खोल्या, किती शेगड्या, आणि कुणाला काही पत्ता नाही. या म्हातारीचे हात तिने आता पाहिले. बोटांची टोकं भाजून भाजून काळी पडली होती.

"मावशी."

"हं."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मावशी निखारे सारखे करत राहिली.

"तुमच्या बाळंतपणात... तुमच्यासाठी कुणी केलं होतं का असं?"

सूप थांबलं. मावशीने बाहेर उन्हाकडे पाहिलं.

"माझ्या टायमाला," हौसामावशी म्हणाली, "आमच्या खोपटाला दारच न्हवतं, पोरी."