राजाच्या नौकेची वाट

एका मोठ्या नदीच्या काठी एक नावाडीण राहायची. वर्षातला एक दिवस सोडला, तर तिची नाव रोज चाले. तो दिवस राजाच्या वाढदिवसाचा. पूर्वी त्या दिवशी राजाची सजवलेली नौका नदीतून मिरवत जाई. तिला आडवं कुणी जाऊ नये म्हणून बाकी सगळ्या नावा बांधून ठेवत.

राजघराणं संपून तीन पिढ्या लोटल्या. राजवाड्यात शाळा भरू लागली. गावाचा कारभार गावानेच निवडलेले पंच पाहू लागले. तरी वाढदिवसाची सुट्टी राहिली, आणि त्या दिवशी जो नाव सोडील त्याचा घाटावरचा हक्क काढून घ्यायचा, हा नियमही राहिला. का, असं कुणी विचारलं नाही. सुट्टी कुणाला नको असते?

एका वर्षी नेमक्या त्याच सकाळी एक विणकर धावत घाटावर आला. "मावशी, बायको अडलीय. कालपासून कळा देतेय. पलीकडची सुईण आणायला हवी."

नावाडीण दोर सोडू लागली. तेवढ्यात घाटावर पेढे वाटणारे पंचांचे कारभारी पुढे आले.

"बाई, दोर बांध. महाराजांच्या नौकेची वाट अडवायची नसते."

"कुठली नौका? तिच्या फळ्यांचं दार तुमच्या गोठ्याला लागलंय. तुमची म्हैस रोज त्याला अंग घासते."

लोक हसले. कारभारी हसले नाहीत. "घाट जाईल तुझा. मग खाशील काय?"

नावाडिणीचा हात थांबला. घाट गेला तर तिची चूल पेटणार नव्हती. तिनं विणकराकडे पाहिलं. तो नुसता पलीकडच्या काठाकडे बघत होता.

तिनं दोर नावेत टाकला. "बस. आणि वल्हं धर, मला एकटीला वेळ लागेल."

दुपारी विणकराच्या घरात मुलगी रडली. आईही वाचली.

संध्याकाळी पंच बसले. कारभारी म्हणाले, "हिनं राजाचा अपमान केलाय."

"कोणत्या राजाचा? नाव काय त्याचं?" सर्वांत वृद्ध पंचानं विचारलं. कारभाऱ्यांनी छताकडे पाहिलं. कुणालाच आठवेना.

नावाडीण म्हणाली, "सुट्टी मलाही हवी. कापणी झाल्यावर ठेवा, सगळे मिळून जेवू. त्या दिवशीही एक नाव पाळीपाळीनं चालू ठेवू. पण जो येणारच नाही त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवायची आणि जी मरतेय तिला थांब म्हणायचं, हे मला जमणार नाही. घाट घ्यायचा तर घ्या."

घाट तिच्याकडेच राहिला. सुट्टी कापणीनंतर गेली.

पुढच्या वर्षी राजाच्या वाढदिवशी घाटावर पहिले उभे होते कारभारी. गाल टम्म सुजलेला. वैद्य पलीकडे.

"कारभारी, आज तर महाराजांचा दिवस," नावाडीण म्हणाली.

"बाई, नाव हाक," ते दाढ धरून म्हणाले.

तात्पर्य एवढंच: सुट्टी कुणाच्याही नावाची असो, ती आज जगणाऱ्यांच्या कामाची आहे का, हे विचारावं, आणि नसेल तर ती बदलावी.