पाटलांच्या विजारीचे गुडघे

“विजार माझ्या मापाची हवी, माझ्याच कापडाची हवी, पण गुडघे मात्र झिजलेले हवेत! दहा वर्षं प्रार्थना करून झिजतात तसे!”

बस्त्याव पाटलांचं हे फर्मान ऐकून इजाबायच्या हातातली सुई हातातच राहिली. गावाची ही एकुलती एक शिवणकाम करणारी. फाटकं आणून नवं करून नेणारे तिनं पुष्कळ पाहिले होते. नव्याचं जुनं करा म्हणणारं गिऱ्हाईक हे पहिलंच!

रविवारी गावच्या चर्चचा सण होता. बिशपस्वामी येणार होते आणि मिरवणुकीतला चांदीचा क्रूस गावातल्या सर्वांत भाविक माणसाच्या हाती देणार होते. पाटलांचा भाविकपणा तर सगळ्यांना पाठ! पहिल्या बाकावर ऐसपैस बसायचं, छातीवर धाडधाड हात मारायचा आणि प्रवचन सुरू झालं की डोळे मिटायचे. ते मिस्सेची उपासना संपल्यावरच उघडायचे.

“दगडावर घासून देऊ का?” इजाबायनं विचारलं.

“खबरदार! बिशपस्वामी शिंप्याचे चिरंजीव आहेत, घासलेलं कापड लांबून ओळखतील. प्रार्थनेनंच झिजलेलं हवं! रविवारी विजार मिळाली नाही, तर मशीन उचल आणि माझी पडवी रिकामी कर!” नवं काळं कापड तिच्यापुढे टाकून पाटील निघून गेले.

नवरा गेल्यापासून इजाबायचं घर त्या मशीनवर चाललं होतं, आणि मशीन पाटलांच्या पडवीत. दहा वर्षांची प्रार्थना पाच दिवसांत आणायची कुठून?

चौथ्या दिवशी चर्चची घंटा वाजवणारा बुटका इनास एक विजार घेऊन आला.

“एवढं बटण लावून दे गं, पोरी.”

इजाबायनं विजार उलटीपालटी करून पाहिली, पाटलांचं माप मनात आणलं आणि खुदकन हसली.

“इनासबाबा, बटणाचं राहू द्या. ही मला द्या, तुम्हाला नवी कोरी शिवून देते!”

रविवारी घंटा वाजायला लागल्या तेव्हा कुठे विजार पाटलांच्या हाती पडली.

“घासलेली नाही ना?”

“शपथेवर सांगते, पाटील! कापड तुमचं, माप तुमचं, आणि झिजलीय ती फक्त प्रार्थनेनं!”

पाटलांनी घाईघाईनं विजार चढवली आणि चर्च गाठलं. दारातच बिशपस्वामींची नजर त्या विरलेल्या कापडावर गेली.

“वा! हे खरंच प्रार्थनेनं झिजलंय. पाटील, टेका पाहू इथंच गुडघे!”

पाटलांनी कण्हत कण्हत गुडघे टेकले. बिशपस्वामी वाकले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. जमिनीला टेकलं होतं ते चांगलं धड काळं कापड. विरलेले दोन गोल वीतभर वर!

“पाटील, तुम्ही मांड्या टेकून प्रार्थना करता की काय?”

सारं अंगण हसायला लागलं. पाटील लालबुंद झाले. “इजाबाय! हे गुडघे कुणाचे?”

“इनासबाबांचे! दहा वर्षांमागे नाताळला तुम्हीच ही विजार त्यांना दिलीत. मीच पाय दुमडून दिले होते, आता उसवले. रोज प्रत्येक वेदीपुढे टेकून टेकून त्यांनी झिजवली. फक्त ते तुमच्याहून बुटके पडले!”

“आणि माझं नवं कापड?”

“ते बाबांच्या अंगावर!”

“म्हणजे माझं स्वतःचं या विजारीत काहीच झिजलेलं नाही?”

“आहे की, पाटील! मागच्या बाजूला. तुम्ही दिलीत तेव्हाच तिथं विरली होती, मी ठिगळ लावलंय!”

बिशपस्वामी इतके हसले की डोक्यावरची उंच टोपी एका कानावर आली. पाटलांनी डोळे वटारले खरे, पण हात नकळत मागे गेला, ठिगळ सापडलं, आणि त्यांनाही हसू आवरेना. बिशपस्वामींनी क्रूस इनासच्या हाती दिला. म्हातारा नव्या कडक विजारीत अवघडून पुढे झाला, तेव्हा इजाबायचे डोळे भरून आले.

पाटील अजून जमिनीवरच होते. उठण्यासाठी त्यांनी तिच्यापुढे हात केला.

“पडवी आजपासून तुझी, इजाबाय! कुणाचा बाप तुझं मशीन हलवणार नाही. आणि मला एक नवी विजार शिव. मागे मात्र दुहेरी कापड लाव!”