दगडाचं पहिलं पाणी

मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुन्या काळची आहे. इतक्या जुन्या काळची, की तेव्हाच्या राजाचं नाव आज कुणाला आठवत नाही. त्यानं बांधलेली देवळं मात्र अजून उभी आहेत.

त्या राज्यात काळ्या डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांचं गाव होतं. त्यांनी घडवलेली दगडी नर्तकी आता पाऊल उचलेल असं वाटायचं. दूरदूरची माणसं बघायला येत आणि बघता बघता बोलायचं विसरत.

शेजारच्या मुलखातली एक मुलगी लग्न होऊन या गावात आली. वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला निघाली आणि थबकली. पारावर एकही म्हातारा नव्हता.

"आजोबा मंडळी कुठं गेलीत?" तिनं नवऱ्याला हळूच विचारलं.

"आमच्यात आजोबा नसतात," नवरा सहज म्हणाला.

त्या गावाची एक रीत होती. तरुण पाथरवटाला पहिला कोरडा खोकला लागला, की गावभर गूळ वाटायचा. दगडानं याला आपलं मानलं, असं म्हणायचं आणि त्याला फेटा बांधायचा. मूर्तीचा चेहरा घडवायचा मान त्यानंतरच मिळे. न खोकणाऱ्याला कच्चा समजत.

तिच्या नवऱ्याचाही गूळ वाटला गेला. तिनंच तो हौसेनं वाटला. पुढं पुढं त्याला बसूनच झोपावं लागे. मग अंगणापर्यंत जाणंही होईना. एका पहाटे तो घरात आणून ठेवलेल्या अर्धवट मूर्तीच्या ओठांवरून बोट फिरवत म्हणाला, "हसू राहिलं." आणि गेला. तिनं त्याची छिन्नी पुसून कोनाड्यात ठेवली.

वर्षं सरली. तिचा लेक मोठा होऊन बापाच्या जागी बसला. एके सकाळी ती भाकरी घेऊन कामाच्या छपरात शिरली आणि तिला लेकाचा खोकला ऐकू आला. कोरडा. ओळखीचा.

सगळ्यांचे हातोडे थांबले.

"वहिनी, गूळ काढा!" नाईक ओरडला. नाईक म्हणजे गावातला मुख्य कारागीर. केस अजून काळे, पण काठी टेकल्याशिवाय उभं राहवत नसे. "लपवून ठेवाल, तर डबे हुंगत घरी येऊ!"

सगळे हसले. हसता हसता खोकू लागले.

छपराच्या भोकातून उन्हाचा खांब खाली उतरला होता. त्यात दगडाची पूड सोन्यासारखी नाचत होती. इतकी वर्षं ती रोज क्षणभर थांबून हे बघत असे, इतकं ते देखणं होतं. आज तिला दिसलं, की ती पूड नाचत नाचत लेकाच्या उघड्या तोंडात शिरते आहे.

तिनं भाकरी खाली ठेवली, पाण्याची घागर उचलली आणि दगडावर ओतली.

"वहिनी! काय केलंत हे?" नाईक काठी टेकत पुढं आला. "दगडाला पहिलं पाणी अभिषेकाचं! देव झाल्यावर! बापजाद्यांनी कधी त्याआधी थेंब घातला नाही."

"सडा शिंपडल्याशिवाय मी अंगण झाडत नाही, भावजी. नाहीतर धूळ घरात येते. इथली तर छातीत जातेय."

"अंगण वेगळं. हा देव आहे!"

"अजून कुठं? अजून जन्मायचाय," ती म्हणाली. "बाळाला जन्मल्यावर न्हाऊ घालतो, खरं. पण त्याआधी ते कशात वाढतं? पाण्यातच ना? मग तुम्ही देवाला कोरडं का वाढवता?"

नाईक बोलायला गेला, पण खोकल्यानं बोलू दिलं नाही. खोकला थांबल्यावर तो वाकून दगडाकडे बघत राहिला. ओला दगड रात्रीसारखा काळा झाला होता, आणि कोरडेपणी कधी न दिसलेली एक चंदेरी रेघ त्यात उमटली होती.

नाईकानं छिन्नी टेकवली. घाव घातला.

पूड उडाली नाही. चिखल होऊन ओघळली.

हळूहळू उन्हाचा खांब रिकामा झाला. नुसतं ऊन, स्वच्छ, उभं. असं ऊन त्या छपरात कुणी पाहिलं नव्हतं. माणसांना पलीकडची भिंत दिसली. मग एकमेकांचे चेहरे दिसले.

"अरे, तुझ्या गालावर तीळ आहे होय?" कुणीतरी हळूच म्हणालं. या वेळी कुणी हसलं नाही.

नाईक वाचला नाही. छातीत साचलेलं पाण्यानं धुऊन निघत नाही. पण जाण्याआधी त्यानं गुळाची रीत मोडली आणि प्रत्येक दगडाशेजारी एक घागर ठेवायला लावली. तिच्या लेकाचा खोकला गेला नाही, पण वाढलाही नाही.

आणि मग पुष्कळ वर्षांनी, गावाच्या पारावर एक म्हातारा येऊन बसला. ती बातमी घरोघर गेली. सारं गाव बघायला लोटलं. एक चिमुरडी पुढं झाली आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र मिशीला बोट लावत म्हणाली, "पूड झाडा ना!"

"झडत नाही गं," तो म्हणाला. "ही मिशीच पिकलीय."

त्याची वाकलेली आई गर्दीतून वाट काढत आली. तिच्या हातात गुळाचा डबा होता. त्या दिवशी गावात पुन्हा गूळ वाटला गेला.

तात्पर्य: देव घडवणाऱ्याचा श्वास राखणं, हीच त्या देवाची पहिली पूजा.