शेगडीचं पोतेरं

चुली बोलायच्या आणि चिंध्याही मन लावून ऐकायच्या, त्या काळची ही गोष्ट. एका घरात चूल पुसणारं जुनं पोतेरं होतं. चुलीचं सगळं काळं ते रोज आपल्या अंगावर घेई.

एके दिवशी विजेची शेगडी आली. तिच्या कपाळावर ठळक लिहिलं होतं, ‘स्वच्छ’.

“ना धूर, ना राख!” शेगडी म्हणाली. “माझी वीज माळावरच्या सोलरच्या काचांतून येते. मला पोतेरं लागतच नाही गं बाई.”

“मी काळी खरी,” चूल पुटपुटली. “अर्ध्या टेकडीची झाडं खाल्ली मी. पण सोवळ्याचा आव कधी आणला नाही.”

दुसऱ्या दिवशी चूल फोडली आणि ओलं पोतेरं उकिरड्यावर गेलं. जगात आता पुसण्यासारखं काही उरलंच नाही, असं वाटून ते पडून राहिलं.

दुपारी माळावरची टिटवी आली आणि त्याच्यावर पोट घासू लागली.

“हे काय, टिटवीबाई?”

“पिसं भिजवतेय. उन्हानं अंडी तापलीत माझी. धूळ बसली की माळावरच्या त्या सोलरच्या काचा वीज देत नाहीत, म्हणून आमच्या तळ्याच्या पाण्यानं रोज धुतात. तळं आटलं.”

पोतेरं म्हणालं, “म्हणजे शेगडीलाही पोतेरं लागतं. ते तुमचं तळं होतं.”

“अंडी जरा निववून परत येते हं,” म्हणत टिटवी उडाली.

“लवकर ये, बाई,” पोतेरं म्हणालं. “मीही वाळत चाललंय.”